आपाच्या तोंडातल्या टाचण्या

परवा कामरगावात मी एका कपडे शिवणाऱ्या बाईवर जळले... अगदी पोटातून.

माझी गार्गी सात वर्षांची. बोलताना अडखळते. त्यावर घरात भरपूर संशोधन झालंय... सासूबाईंच्या मते ती कुत्र्याला भ्यायली, जाऊबाईंच्या मते जावळ उशिरा काढलं.

स्पीच थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, असलं काही नसतं. काही मुलांच्या मेंदूत बोलण्याची जुळणी जरा वेगळी असते, पुष्कळदा ते घराण्यातही असतं, दोष कोणाचाच नाही. "फक्त तिचं वाक्य तुम्ही..." "पूर्ण करायचं नाही!" मॅडमचं वाक्यही मीच पूर्ण केलं.

तर, गॅदरिंगचा फ्रॉक. गार्गीला तस्लीमआपाकडे मापाला उभं करून मी भाजी आणायला गेले. परत आले आणि दाराच्या पडद्याशीच थबकले... आत माझी मुलगी बोलत होती. अडखळत, पण न थांबता!

शाळेत बकरी शिरली, तिने हजेरीचं पान खाल्लं, म्हणून त्या दिवशी "प्र-प्र-प्रेझेंट" म्हणावंच लागलं नाही. म्हणून ती बकरी तिला फार आवडते...

मी विचारलं की उत्तर एकच, "काही नाही." पोरगी रोज हजेरीला इतकी धास्तावते, हे आईला माहीत नाही... आणि आपाला माहीत!

मी आत शिरले, गार्गी गप्प. जमेल तितक्या गोड आवाजात विचारलं, "काय जादू केली जी आपा? माह्याशी तर बोलत नाही."

आपाने ओठांतून एकेक टाचणी काढली. "मी काय केलं जी ताई? तोंडात टाचण्या होत्या ना माह्या, बोलू कशी?" मग माझ्याकडे नीट पाहून, "तुमाले देऊ का दोन?"

दुसऱ्या दिवशी वेणी घालताना मी हेअरपिना दातांत धरल्या. गार्गी म्हणाली, "आई, आपाले ब... ब... ब..."

बकरी! शब्द माझ्या जिभेवर तयार. पण पिना आडव्या आल्या.

"...बोलाव ना गॅदरिंगले."

बकरी नव्हतीच. आजवर मी घाईघाईने तिच्या तोंडात कोंबलेले किती चुकीचे शब्द या पोरीने निमूट चालवून घेतले असतील...

आणि बोलवायचं कोणाला, तर आपालाच! पुन्हा जळले. पण मान हलवून हो म्हटलं... पिना पडू दिल्या नाहीत.