फाट्यावर कुणाचा नंबर

स्वाती गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलांच्या शाळेच्या फाटकापाशी उभा होतो. सकाळीच तिला दवाखान्यात भेटून आलो होतो. तापाने तिचे ओठ सुकले होते, बोलताना धाप लागत होती, तरी तिने विचारलं ते गाडीबद्दल. "अहो, गाडी उन्हात तर नाही ना? सीट तापली की पोरं बसत नाहीत." ती आजारी पडल्यापासून गाडी जागची हललीच नव्हती, कारण आमच्या घरात चालवणारी तीच. मी "सावलीत आहे" म्हणालो आणि निघालो... दुपारी तिच्या भावाचा, प्रशांतचा फोन आला. मी नुसतं "बरं" म्हणालो. तेवढ्यात मुलं बाहेर आली. राघवने रिकामा डबा माझ्या हातात दिला, मुक्ताने दप्तर दिलं आणि दोघं रिक्षाकडे चालू लागली. मी मागून चालत राहिलो. त्या दिवसापासून हे मागून चालणं संपलेलंच नाही. काही आठवडे झाले. लिहायला बसलो की कुणाचा तरी मोजा सापडत नसतो, नाहीतर दूध उतू जात असतं. म्हणून हे तुकड्यातुकड्यांनी लिहिलेलं आहे.

स्वाती चितेगावच्या एका कारखान्याच्या ऑफिसात होती. रोज तोच पैठण रस्ता, तेच ट्रक, तीच धूळ. मी कॉलेजात इतिहास शिकवतो आणि घर ते कॉलेज चालत जातो. रविवारी मात्र ती मुलांना गाडीत घालून निघायची आणि मला मागच्या सीटवर मधोमध बसवायची, म्हणजे माझ्या दोन्ही बाजूंना बसलेल्या मुलांची भांडणं माझ्या अंगावर होतील. पुढची सीट पाण्याच्या बाटल्यांना आणि दशम्यांच्या डब्याला. एकदा एका ढाब्यावर पोऱ्याने मला विचारलं, "साहेब, ड्रायव्हर बाईंना पण चहा द्यायचा का?" स्वाती पुढून म्हणाली, "त्यांना विचारू नका दादा, ते सुट्टीवर आहेत."

पहिल्यांदा आम्ही वेरूळला निघालो होतो. मुक्ता तेव्हा बालवाडीत होती, राघव मांडीवरचा. मी आठवडाभर लेण्यांवर वाचून टिपणं काढली होती. शहराच्या वेशीवरचं मिटमिटा मागे पडायच्या आधीच मुक्ताने "आलं का?" सुरू केलं. दौलताबादपर्यंत तिने ते इतक्या वेळा विचारलं की शेवटी रडायलाच लागली. तिचं ऐकून राघव रडला आणि माझ्या टिपणांवर ओकला. स्वातीने गाडी बाजूला घेतली, त्याचं तोंड धुतलं, माझा शर्ट पुसला आणि गाडी परत शहराकडे वळवली. संध्याकाळी भाकरी थापताना म्हणाली, "यापुढे पोरांना गावाचं नाव सांगायचं नाही. नाव सांगितलं की त्यांना मधलं काही दिसतच नाही." पुढच्या रविवारी तिने नवा कायदा केला. फाटा आला की एका मुलाने सांगायचं, डावीकडं, उजवीकडं की सरळ. पुढच्या फाट्यावर दुसऱ्याचा नंबर. मोठ्यांनी बोलायचं नाही. मुलांना कंटाळा आला किंवा रस्ताच संपला, की आपलं ठिकाण आलं असं समजायचं.

राघवला डावं-उजवं कळू लागेपर्यंत तो नुसता हात दाखवायचा आणि ती वळायची. अशा रीतीने आम्ही पाचोडच्या बाजारात कोंबड्या बघितल्या, गंगापूरच्या पुढे एका गोठ्यात म्हशींचं धुणं बघितलं, अर्धवट राहिलेल्या पुलावरून मागे फिरलो. पंक्चर काढणाऱ्या एका चाचांनी तिला समजावून सांगितलं होतं, "मॅडम, ये रस्ता किधरच नै जाता." ती म्हणाली, "हमको भी नै जाना चाचा." दुसरीकडे एका शेतात रस्ता संपला तेव्हा बांधावरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "कुणाकडं आलात?" "कुणाकडं नाही, लेकरांनी वळवलं." "लेकरांनी? आन् तुमी वळलात?" "व्हय." म्हातारा बराच वेळ गाडीकडे बघत राहिला, मग बायकोला हाक मारून म्हणाला, "चहा टाक गं, वाट चुकलेली शिकलेली माणसं आलीत." वेरूळ मात्र राहूनच गेलं. जग बघायला येतं ती लेणी, राहायला इतक्या जवळ असून, माझ्या मुलांनी अजून पाहिलेली नाहीत. शेजारी विचारायचे, सुट्टीत कुठं गेला होतात? राघव मोठ्या ऐटीत सांगायचा, "म्हशी बघायला."

मी या प्रवासांतून दमून परत यायचो. खरं तर ती जास्त दमायची, पण घरी आल्यावर मुलं झोपलेली असायची आणि त्यांना उचलून आत नेताना ती हळूच म्हणायची, "आज भांडली नाहीत बघा." तिच्या लेखी प्रवास कसा झाला याचा हिशोब एवढाच.

अस्थी घेऊन पैठणला जायचं ठरलं तेव्हा गाडी प्रशांतने चालवायला घेतली. पुढे तिचे वडील, अण्णा, मांडीवर लाल कापडात बांधलेला कलश घेऊन बसले होते. मी मागे, नेहमीसारखा मधे. घरून निघताना राघवने विचारलं होतं, "त्यात आई आहे?" मी "हो" म्हणालो. बिडकीन गेलं. पुढे एक फाटा आला आणि प्रशांत सरळ निघाला. राघव म्हणाला, "डावीकडं." प्रशांतला कळलं नाही. फाटा मागे पडला. मुक्ता अगदी हळू आवाजात म्हणाली, "मामा, त्याचा नंबर होता."

प्रशांतने गाडी कडेला थांबवली. "दाजी, काय म्हणतायत ही?" मी सांगितलं. तो कायदा अशा दिवशी, अशा गाडीत सांगताना फार पोरकट वाटला. अण्णा कडक माणूस. शेतीतही त्यांचं सगळं वेळेवर. ते मागे न वळता म्हणाले, "गुरुजींना वेळ दिलीय. आज नको हे." राघव रडला नाही, हट्टही केला नाही. मला म्हणाला, "तू म्हणालास ना, आई गाडीत आहे? मग नंबर लागतोच की."

मला त्याला खरं सांगता आलं असतं. ते कधीतरी सांगावं लागणारच होतं, आणि सांगायचं मलाच होतं. दोन्ही मुलं माझ्याकडे बघत होती. माझ्यात तेवढं बळच नव्हतं... प्रशांतने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "घे मागं." अण्णांनी कलशावरचा हात घट्ट केला, कारण तो रस्ता खडकाळ असणार हे त्यांना ठाऊक होतं.

रस्ता मोसंबीच्या बागांमधून गेला, बारीक होत होत कालव्याच्या एका पाटचारीपाशी संपला. तिथे काही नव्हतं. पाणीही नव्हतं. राघव उतरला, काठावर उभं राहून त्याने खाली पाहिलं. मुक्ता त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. अण्णा कलश घेऊन उतरले. त्यांना कुणी उतरा म्हणालं नव्हतं. बांधावर बसून ते म्हणाले, "अशा आडरानात आणायची व्हय गं लेकरांला?" ते कुणाशी बोलत होते हे आम्हा सगळ्यांना कळलं. थोड्या वेळाने राघवच म्हणाला, "चला." पैठणला पोचायला उशीर झाला. गुरुजी रागावले. अण्णांनी त्यांना एवढंच सांगितलं, "वाटंत थांबावं लागलं."

नदीवर मुलांनी सगळं पाहिलं. राघवने मला पुन्हा काही विचारलं नाही. परतताना पहिल्याच फाट्याला प्रशांतने आपणहून वेग कमी केला. "मुक्ता, तुझा नंबर ना? बोल." ती खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, "घरी." मग पुढचा प्रत्येक फाटा सरळच गेला. राघवनेही आपला नंबर मागितला नाही.

आता मी सकाळी गाडी शिकायला जातो. या वयात हात वळत नाहीत. शिकवणारे शेख सर माझ्याहून तरुण आहेत, तरी फार सबुरीने घेतात. माझी एकच खोड त्यांना घालवता आलेली नाही. फाटा दिसला की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो आणि मी मान वळवून मागे बघतो. "सर, सामने देखो ना," ते म्हणतात. "आपल्याला सरळ जायचंय. पीछे कोई बैठा नै." मी मान डोलावतो, गिअर टाकतो. पुढच्या फाट्याला पुन्हा वेग कमी होतो.