पऱ्हाटीच्या धुरातला घट

माझी भाची कुमुद लोणारला सासरी झळाळत्या लेपाची मातीची भांडी घडवते. गुडघे कुरकुरत असतानाही मी निघालो, कारण तिचा निरोपच निकराचा होता. या वेळचा घट नागपूरच्या प्रदर्शनास निवडला गेला, तरच तिची भट्टी राहणार होती. अन्यथा सासूबाई ती पाडून तेथे म्हशी बांधणार होत्या.

बुलढाण्याहून सकाळची एस.टी. धरली. चिखली, मेहकर असे टप्पे घेत जावे लागते. राज्य नवे झाले. खड्डे मात्र जुनेच आहेत. जाणाऱ्यांनी मागचे आसन टाळावे आणि मेहकरला झुणका-भाकर खाऊन घ्यावी. सरोवर मी काठावरूनच पाहिले. खाली उतरण्याचे त्राण उरले नव्हते.

कुमुदने कृती समजावली. पांढरी झिलई दिलेल्या घटास ताम्रयुक्त माती माखून तो पुन्हा भाजायचा आणि शेवटी भिजवलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची खोडे, भट्टीत कोंबून धूर कोंडायचा. घट काजळलेलाच बाहेर येतो. ओल्या फडक्याने हलके पुसला की तांबूस-सोनेरी तेज उमटते. त्याला ‘चमक’ म्हणणे उथळ होईल. मी ‘आभा’ म्हणेन.

दुसऱ्या दिवशी काळाठिक्कर घट ओट्यावर ठेवून आम्ही फडके आणि पेटी आणण्यास आत गेलो. परतलो, तो सासूबाई चिंच आणि विटेची पूड घेऊन घट घासत होत्या.

“अवो आई, काय करून राह्यल्या!” कुमुद ओरडली.

“काऊन? असं काळं भांडं नागपूरले धाडतं काय? लोक म्हणतीन, सासूनं घासणं बी नाही शिकवलं. पाह्य आता, तांब्यावानी लखलखते.”

“आई, ते तेज वरच्या वरच असते. पापुद्र्याएवढं.”

सासूबाईंचा हात थांबला. घटाचे पोट पांढरेफटक झाले होते.

“म्हंजे म्या घासून टाकलं?”

घट सकाळच्या गाडीने धाडायचा होता. पुन्हा भाजण्यास अवधी नव्हता.

जेवताना सासूबाई सुनेकडे न पाहता मला म्हणाल्या, “भाऊ, म्हशी मी निंबाखाली बांधतो. तुमच्या भाचीले सांगा, पऱ्हाटी भिजू घाल म्हनावं.”

परतीचा प्रवास तोच, तसाच. पाठ अद्याप धरलेली आहे. कुमुदने दिलेला तो घट माझ्या मेजावर आहे. गळ्याशी, जेथे सासूबाईंची बोटे पोचली नाहीत, तेथे थोडी आभा उरली आहे. दिवेलागणीस ती दिसते. घरात सर्वांना बजावले आहे: त्याला पाणीसुद्धा लावायचे नाही.