बाळ परत महाडला

हृतिक टेम्पोवाल्याला मुलगा झाला तेव्हा अख्ख्या उमरठात पेढे वाटले गेले. हृतिकने डब्यात हात घातला, तर तळाशी नुसता कागद. तरी बिचाऱ्याला शंका आली नाही.

तोवर घरात त्याचं राज्य होतं. न्हाणीतलं पहिलं गरम पाणी त्याचं, माशाची मधली तुकडी त्याची, आतल्या खोलीतला पंखा त्याचा. आता पाणी बाळंतिणीचं, आणि आतल्या खोलीत बाळाला वारं लागतं म्हणून पंखा बंद. त्या बंद पंख्याखालीसुद्धा त्याला जागा उरली नाही, बिछाना पडवीत आला. त्याची बायको श्रुतिका आत डिंकाचे लाडू खायची. एकदा त्याने डब्याकडे नुसतं पाहिलं, तर आई, आवडीबाई, कडाडल्या, "तू बाळंत झालायस काय रे?"

पडवीत त्याच्या शेजारी आणखी एक पदच्युत जीव होता. अडीच वर्षांची आराध्या, घरातली बायो. आईच्या मांडीवर ती चढू लागली की चार बायका धावायच्या. त्यामुळे बापलेकीची घट्ट युती झाली. सकाळी दोघं एका बशीत चहा-बटर खायची आणि आतून बाळाचं कौतुक ऐकू आलं की एकदमच तोंडं वाकडी करायची. "नाक कुणावर गेलंय गो?" असं कुणी आत विचारलं, की हृतिक बाहेर पुटपुटायचा, "नाक हाय कुठं? नुसता बटाटा हाय." बायो खदखदून हसायची. एवढं एकच माणूस आता आपलं, असं त्याला मनापासून वाटायचं.

हृतिकचा धंदा सोड्याच्या बाटल्यांचा. महाडहून भरलेल्या आणायच्या, पोलादपूरपासून वर कुडपणपर्यंत दुकानांत टाकायच्या, रिकाम्या सोमवारी परत महाडला न्यायच्या. बायोने हे सारं टेम्पोत बसून पाहिलेलं. बाळही महाडच्या दवाखान्यातून याच टेम्पोतून आलं होतं. तेव्हा एक दिवस तिने सरळ विचारलं, "बाबा, बाल कदी परत न्यायचा?"

शहाण्या बापाने समजूत घातली असती. पण हृतिक त्या दिवशी थंड पाण्याने आंघोळ करून आला होता. म्हणाला, "सोमवारी नेऊ गो. बाटल्यांबरोबर." मग रोज तोच खेळ. "सोमवारी?" "सोमवारी." टाळी.

मधल्या दिवसांत घात झाला, आणि तो केला गीताबाईंनी. गीताबाई रोज बाळाला न्हाऊमाखू घालायला येत. पाय लांब करून बसत, बाळ पायांवर आडवं घेत. बायो दारात फुरंगटून उभी राहायची. गीताबाई तिला म्हणाल्या, "उभी काय ऱ्हातेस, बायो? तेलाची वाटी कोण धरील? तुझ्या बापाला जमायचं नाय." बायोने वाटी धरली. बाळाने तेलकट मुठीत तिचं बोट पकडलं, ते सोडेचना.

संध्याकाळी हृतिकने बटर पुढे केला, तर बायो म्हणाली, "थांब, बालाला शी झाली." आणि आत गेली. दुसऱ्या सकाळी चहाची बशी त्याने एकट्यानेच संपवली. आतून बायोचं हसू ऐकू येत होतं. बटाट्याचा विनोद नसतानाही हसत होती! जळफळून त्याने दोन क्रेट उगाच आपटले.

सोमवार उजाडला. क्रेट भरून तो मोबाईल घ्यायला आतल्या खोलीकडे वळला, तर दारात दोन्ही हात पसरून बायो उभी.

"बाबा नको! बाबा बालाला महाडला नेतो!"

 श्रुतिकाचा लाडू हातातच राहिला. "काय म्हणते ही?"

"मस्करी केली गो," हृतिक पुटपुटला.

"सोन्यासारखा पोर, आणि रिकाम्या बाटल्यांबरोबर धाडतोस?" आवडीबाईंनी कपाळावर हात मारला.

त्या बोलण्याचं हृतिकला काही वाटलं नाही. पण तो जवळ वाकला तशी बायो मागे सरकली. त्याच्यापासून! तो मटकन उंबऱ्यावर बसला. "नाय नेणार गो बायो. आईशप्पथ."

बायोने विचार केला. मग बापाच्या खिशात हात घालून टेम्पोची चावी काढली. बाळाच्या उशाशी, दुपट्याखाली, नजर लागू नये म्हणून आवडीबाईंनी विळा ठेवला होता. त्याच्या शेजारी तिने चावी सरकवली.

"अगो, बाटल्या न्यायच्यात!" हृतिक उठला.

आवडीबाईंनी हात आडवा घातला. "थांब. लोखंड हाय. बाळाच्या उशाला ठेवलेलं लोखंड बारशापर्यंत काढत नाय."

"आये, ती चावी हाय!"

"लाकडाची हाय काय?"

 बाळाला न्हाऊ घालायला आलेल्या गीताबाई हसून हसून तेलात बोट बुडवायचं विसरल्या.

"बाबा, पाय लांब कर," बायोने फर्मावलं. हृतिकने भिंतीला टेकून पाय लांब केले. गीताबाईंनी बाळ त्याच्या पायांवर ठेवलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. बाळाने बापाकडे नीट पाहिलं आणि त्याची पँट भिजवली. बायो वाटी घेऊन त्याच्या मांडीला खेटून बसली. "गरम हाय?" तिने विचारलं.

"हाय," हृतिक म्हणाला. बाळंतिणीच्या खोलीत का होईना, गरम पाणी अखेर त्याच्याही वाट्याला आलं होतं.

बारशापर्यंत टेम्पो अंगणात उभा राहिला. कुडपणच्या दुकानदाराचे फोन येत राहिले. टेम्पोची दुसरी चावी पडवीतल्या खुंटीवर, त्याच्याच शर्टामागे लटकत होती. ती त्याला रोज दिसायची. रोज तो तिच्यावरून शर्ट नीट करायचा आणि आत जायचा.