बप्पांनी ठेवायला दिलेला दगड

घुबडाला दगड मारला म्हणून कुणी मरत नाही.

बप्पा गेले ते पोटातल्या गाठीनं. आज त्यांचा दहावा झाला. गावात वेगळंच काहीतरी बोललं जातंय. ते ऐकवत नाही, म्हणून लिहितेय.

बप्पा आमच्या माकणीला वनखात्याच्या रोपवाटिकेत राखणदार होते. माझं जनावरांचं क्लिनिक तिथून जवळच.

काही वर्षांपूर्वी एका सकाळी ते टॉवेलात काहीतरी गुंडाळून आले. चेहरा पांढराफटक. टॉवेल उघडला तर आत गव्हाणी घुबड. एका पंखाचं हाड मोडलेलं.

घरात दिवस भरलेली सून, आणि हे पत्र्यावर बसून ओरडायला लागलं. बप्पांनी हाकलायला दगड भिरकावला. नेमका लागला.

"ताई, ह्याला जगवा. न्हाय तर म्या गेलो."

आपल्याकडे सगळ्यांनी लहानपणी ऐकलेलं असतं. घुबडाला दगड मारला की ते तो दगड उचलून नेतं, पाण्याकाठी घासत बसतं, आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजत जातो.

मग त्यांनी खिशातून तो दगडच काढला. अंगणात शोधून आणलेला. काळा, एका बाजूनं चपटा.

"ह्यो तुमच्यापाशी असू द्या. त्याला घावायला नको."

मी हसले नाही. ड्रॉवरमध्ये ठेवला.

सून सुखरूप बाळंत झाली. घुबडाचा पंखही जुळला, पण उडण्याइतका नाही. वनखात्याच्या परवानगीनं रोपवाटिकेत जाळीची खोली झाली आणि ते तिथंच राहिलं. बप्पांनी त्याला कधी घुबड म्हटलं नाही.

पाखरू म्हणायचे.

दर दोन-तीन महिन्यांनी ते पाखराला खोक्यात घालून चेकअपला आणायचे. चामडी हातमोजे घालून पाय धरायचे, डोळ्यांवर फडकं टाकायचे, आणि मी तपासत असताना त्याच्याशी हळू आवाजात बोलत राहायचे. मी टॉर्च लावून डोळे बघायची, चोच उघडून घसा बघायची, तळव्यांना जखम नाही ना ते बघायची.

घुबडाची तब्येत पिसांवरून कळत नाही. वरून गुबगुबीत दिसतं, आतून वाळलेलं असू शकतं. म्हणून छातीच्या मधल्या हाडावरून अंगठा फिरवायचा. दोन्ही बाजूंना मांस लागलं तर ठीक. हाड धारेसारखं टोचलं तर काळजी.

बप्पांचं लक्ष माझ्या अंगठ्याकडे असायचं.

"भरलंय का?"

"भरलंय, बप्पा. ठीक आहे पाखरू."

मग ते ड्रॉवर उघडून दगड बघायचे, आणि चहा मागायचे.

उंदीर खाल्ला की घुबड केसांचा-हाडांचा गोळा ओकून टाकतं. बप्पा ते गोळे कागदात बांधून मला दाखवायला आणायचे. एकदा पुडी उलगडता उलगडता म्हणाले, "हे रोज ओकतंय, तरी त्याच्या अंगाला लागतंय. म्या खाल्लेलं कुठं जातंय काय कळना."

आम्ही दोघं हसलो.

पुढच्या चेकअपला हातमोजा त्यांच्या मनगटावरून घसरत होता. अंगठा फिरवून बघायची गरजच नव्हती.

लातूरला दाखवून या, मी म्हणाले. त्यांनी ड्रॉवर उघडला, दगड तळहातावर तोलला.

"हाय तेवढाच हाय की. रवाभर झिजला न्हाय. मग मला काय होतंय?"

त्यानंतर कितीतरी वेळा सांगितलं. त्यांच्या घरी काकूंनी, मुलानं, सगळ्यांनी सांगितलं. बप्पांचं उत्तर तेच. पाखरू धडधाकट, दगड जागेवर. त्यांच्या हिशेबानं ते कधीच सुटले होते.

शेवटी मी म्हणाले, तुम्ही स्वतःची तपासणी करून रिपोर्ट आणल्याशिवाय तुमच्या पाखराला मी हात लावणार नाही.

त्यांनी खोक्याचं झाकण लावलं.

"पाखराला मधी घालता व्हय, ताई?"

दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन लातूरला गेले.

उशीर झाला होता.

अंथरुणाला खिळल्यावर भेटायला जायची तेव्हा स्वतःबद्दल काही विचारायचे नाहीत. "पाखरू?" एवढंच.

"ठीक आहे, बप्पा."

आणि ते डोळे मिटायचे.

माती द्यायला आलेल्यांतच कुणीतरी म्हणालं, बघा, नेलंच शेवटी घुबडानं. नंतर तर कुणी म्हणे, आता ते लांब नेऊन सोडा. उडता न येणारं पाखरू सोडायचं म्हणजे कुत्र्यांपुढं टाकायचं. काकू सगळं ऐकत होत्या. त्यांनाही ते पटतंय की काय, याची मला भीती वाटत होती.

आज सकाळी धरणाच्या पाण्यात जीवखडा सोडला. दहा दिवस पुजलेला तो दगड पाण्यात गेला, आणि मला माझ्या ड्रॉवरमधला आठवला.

दुपारी क्लिनिकच्या दारात काकू उभ्या. डोक्यावर पदर, हातात ते खोकं.

"ह्याची तपासणी ऱ्हायली न्हवं?"

हातमोजे त्यांनी स्वतःच घातले. पाय कसे धरायचे हे मला सांगावं लागलं नाही.

मी छातीच्या हाडावरून अंगठा फिरवला. भरलेलं होतं.

म्हणजे एवढे दिवस याला खायला घालत होतं कोण, हे मला तेव्हा कळलं.

मी ड्रॉवर उघडून दगड त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो उलटापालटा केला, चपट्या बाजूवरून बोट फिरवलं.

"हाय तसाच हाय की ह्यो."

"हो, काकू."

"आन् माणूस गेला."



जाताना त्यांनी दगड पिशवीत टाकला. म्हणाल्या, "जाळीचं दार वाऱ्यानं आपटतंय, पाखरू दचकतंय. ह्यो लावते दाराला."

बप्पा, पाखरू ठीक आहे.

आपल्याकडे निघालेल्या माणसाला जा म्हणत नाहीत.

या, बप्पा.