नावाड्याची बाजू

वैभव परब तेहतीस वर्षांचा आहे. परळच्या एका विमा कंपनीत तो लोकांचे दावे नाकारतो. नाकारण्याची कारणंही तोच लिहितो. भाषा चांगली आहे त्याची.

डिलाईल रोडला आमच्या खोल्या एकाच मजल्यावर. मी मराठी घेऊन एम.ए. झालो, तेव्हापासून तो मला मान देतो. म्हणजे स्वतःचे व्हिडिओ बघायला लावतो. त्याच्या चॅनेलला एकशे बारा सबस्क्रायबर आहेत. त्यातला एक मी.

सगळे व्हिडिओ एकाच गेमवर. गेमचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, आम्ही त्याला नावाड्याचा गेम म्हणतो. गाव पुरात बुडतंय. नावाडी खेपा करून सगळ्यांना पलीकडे नेतो आणि शेवटच्या खेपेला स्वतः बुडतो. हा नेहमीचा शेवट. दुसरा शेवट लपवलेला आहे. ठरावीक माणसांशी अजिबात न बोलता खेळलं तरच तो उघडतो. वैभवला ते सहज जमलं. त्यात नावाडी दोर सोडतो आणि एकटाच निघून जातो. दीड मिनिटाचं दृश्य, एकही शब्द नाही. त्यावर वैभव आजवर साडेसहा तास बोललाय.

त्याचं म्हणणं, नावाडी पळपुटा नाही. तो गेला म्हणून गाव पोहायला शिकलं.

“गाव पोहताना दाखवलंय का?” मी एकदा विचारलं.

“दाखवत नाही रे. तीच तर ब्यूटी आहे.”

गेल्या महिन्यात चाळ रिकामी करायची नोटीस आली. नवी इमारत व्हायला तीन वर्षं. वैभवने वरळीला भाड्याची खोली पक्की केली आणि मग घरी सांगितलं. आईचं नावही काढलं नाही. तिचे, म्हणजे सुभद्राकाकूंचे, दोन्ही गुडघे गेलेत. त्याची बहीण सीमाताई डोंबिवलीला, दोन खोल्यांत सहा माणसं. काकूंनी तीन वर्षं राहायचं कुठे, हे ठरवायला रविवारी सकाळी बैठक बसली. काकूंचे भाऊ जयवंतमामा आले. एक शिकलेला माणूस असावा म्हणून मला बोलावलं.

“बोल,” मामा म्हणाले. “आईचं काय करतोस?”

वैभवने लॅपटॉप उघडला. मला वाटलं, खोलीचे कागद दाखवेल. त्याने नावाडी लावला.

दीड मिनिट सगळ्यांनी पाहिलं. सीमाताईच्या हातातली पोह्यांची बशी हातातच राहिली.

“मामा, लोक ह्याला सेल्फिश म्हणतात. पण कायम आधार देत राहिलं ना, की समोरचा दुबळा होतो. सोडून जाणं हेपण प्रेमच. आई ताईकडे गेली तर चार माणसांत राहील. ताईपण ग्रो होईल.”

“माझी ग्रोथ तू नको बघूस,” सीमाताई म्हणाली. “माझी सासू गॅलरीत झोपते. आईला काय वळणीवर घालू?”

“ह्याला विचार,” वैभवने माझ्याकडे बोट दाखवलं. “एम.ए. आहे. लेखकाचा हेतू नसतोच, अर्थ आपण लावायचा. तूच बोललेलास ना रे?”

बोललो होतो. वडापाव खाताना. मी जमिनीकडे पाहिलं.

“परत लाव,” काकू म्हणाल्या. त्यांनी चष्मा चढवला होता.

वैभव खूश झाला. आईने त्याचं काही दुसऱ्यांदा पाहायला मागितलं, ते हे पहिलंच.

“होडयेत माणसां किती मावतत?” काकूंनी विचारलं.

वैभव कामावर काहीही लिहू शकतो. गेमबद्दल तो खोटं बोलत नाही.

“बारा. पुढे चार, मध्ये सहा, मागे दोन.”

“आणि तो एकटोच गेलो?”

“हो.”

“तेची आवस नव्हती गावात?”

“आई होती ना. विहिरीजवळच्या घरात. पण तिच्याशी एकदा जरी बोललं ना, तर दुसरा शेवट उघडतच नाही.”

मामांनी सीमाताईकडे पाहिलं. वैभवला वाटलं, मुद्दा पोचला.

“तुझी वरळीची खोली केवढी?” काकूंनी विचारलं.

“दहा बाय पंधरा.” त्याच उत्साहात. मग त्याला कळलं. “पण आई, त्यात माझं टेबल येणार. दोन मॉनिटर, खुर्ची…”

“मी तुझ्याकडे येतलंय,” काकू म्हणाल्या आणि चष्मा पदराने पुसू लागल्या.

वैभवने माझ्याकडे पाहिलं. मी पोहे खाऊ लागलो.

“टेम्पो शनिवारचा ना?” मामांनी विचारलं. “आधी तुझ्या आईची खाट चढव.”

“आणि टेबल?”

“टेबल सीमा नेईल. पोरं अभ्यास करतील.”

सीमाताईने बशी खाली ठेवली. उठून ती खिडकीपाशी गेली आणि विती टाकत टेबल मोजू लागली.