काकांचं डोकं आणि आमचा जावई

काकांनी गढा मोहल्ल्यातलं घर त्यांना सांभाळणाऱ्या बाईंच्या नावे केलं, म्हणून मृत्युपत्राला आव्हान द्यायला मी जबलपूरच्या कोर्टाबाहेर एका टायपिस्टसमोर बसलो होतो. त्याचं नाव काही मी विचारलं नाही. प्रत्येक वाक्याआधी तो एक बोट हवेत धरून माझ्याकडे बघायचा, जणू मला फेरविचाराची संधी देत होता.

"मृत्युपत्र केलं तेव्हा काकांचं डोकं ठिकाणावर नव्हतं, असं लिहा," मी म्हणालो.

"अच्छा. कधी केलं?"

"गेल्या माघात."

"तेव्हा घरी काही कार्य?"

"मुलीचं लग्न ठरलं. मुलगा काकांनीच पसंत केला. आमच्याकडे थोरल्यांच्या होकाराशिवाय सुपारी फुटत नाही." मी अभिमानाने बोलून गेलो.

बोट हवेतच राहिलं. "मग भैया, जावईबापूंना परत करून राहिले का?"

समोरून जावईच चहा घेऊन येत होता. माझा बिनसाखरेचा, न सांगता.

मी कागद उचलून खिशात घातला. काकांना माणसं कळत होती. माझ्या नावे त्यांनी काहीच ठेवलं नाही, त्याचंही कारण तेच असावं.