इतिवृत्तात नसलेले डास

दोष नानांचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी पावसाकडे बोट दाखवायला नको.

नाना म्हणजे धुळ्यातल्या आमच्या समाजसेवा क्लबचे अध्यक्ष. यंदा त्यांना झोन प्रमुख व्हायचं होतं. धुळे, जळगाव, चाळीसगाव, दोंडाईचा, इथले सगळे क्लब एका माणसाच्या हाताखाली, आणि तो माणूस नाना! त्यासाठी एक मोठा प्रकल्प दाखवावा लागतो. पावसाळा होता, म्हणून नानांनी डास निवडले.

मी इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं, तेव्हा वडिलांनी मला नानांपुढे उभं केलं. "पोरगा रिकामा आहे. काहीतरी द्या याला." नानांनी सभेचं इतिवृत्त लिहायला दिलं. इतिवृत्ताचा नियम असा, की घडलं ते लिहायचं नाही, शोभेल ते लिहायचं. मग उरलेलं जातं कुठे? आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. हाताला लागेल त्यात भरून ठेवायची आम्हाला सवयच आहे. किस्सेही तसेच साठले.

*

पहिली सभा संध्याकाळची. वीज गेलेली, खिडक्या सताड उघड्या. नाना उठून म्हणाले, "या प्रकल्पाचं नेतृत्व मी स्वतःच करावं, असं मला नम्रपणे सुचवावंसं वाटतं."

नेमके तेव्हाच डास आले. पहिल्या रांगेतल्या एकाने कानापाशी हात आपटले. मग शेजारच्याने. मग सगळ्यांनीच.

नाना हात जोडून उभे. "अहो पुरे, पुरे! लाजवता तुम्ही!"

मी लिहिलं : ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर.

*

आठवड्यातून एक दिवस घरातले ड्रम, टाक्या, माठ रिकामे करून कोरडे ठेवायचे, म्हणजे डासांच्या अळ्या मरतात. आरोग्य खातं याला 'कोरडा दिवस' म्हणतं. नानांनी क्लबच्या ग्रुपवर एवढंच टाकलं : "येत्या शनिवारी सर्व सभासदांनी कोरडा दिवस पाळावा."

पुढच्या सभेत विचारलं, किती जणांनी पाळला? झाडून सगळे हात वर!

हार्डवेअरचं दुकान असलेले एक सभासद उठले. "पाळला नाना, पण शनिवार फार जड जातो. सोमवार ठेवा."

आबा म्हणजे क्लबचे सेक्रेटरी, निवृत्त मुख्याध्यापक. ते हळूच म्हणाले, "माझ्याकडे तर शुक्रवारीच आणून ठेवलेली होती. पण हात लावला नाही!"

घरातले ड्रम काठोकाठ भरलेले. सभासद तेवढे कोरडे.

*

गप्पी मासे अळ्या खातात. ते जळगावहून आणायला मला पाठवलं. पाण्याची पिशवी मांडीवर धरून एसटीने आणले. एकही मेला नाही.

बागेतल्या हौदापाशी कार्यक्रम. पिशवी टेबलावर, टेबल उन्हात. आबांना दोन शब्द बोलायचे होते. विषय घेतला 'मुक्या जीवांविषयी कळवळा'. मी चिठ्ठी पाठवली, मासे तापताहेत. दुसरी पाठवली. तिसरीला आबा माईकवरून म्हणाले, "आजच्या पोरांना ऐकून घ्यायचा धीर म्हणून नाही!" टाळ्या. या वेळी खऱ्या.

कळवळा संपला तेव्हा मासे उलटे तरंगत होते. नानांनी पिशवीकडे पाहिलं, मग फोटोग्राफरकडे.

"सोड रे हौदात. फोटोत कुठे हलताना दिसतात?"

*

धुराच्या मशीनचं उद्घाटन झालं. मशीनला हार घातला, नारळ फोडला, सगळे मान्यवर मशीनभोवती खेटून उभे राहिले आणि नानांनी स्वतः बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. पांढराफटक. खाली ओळ : डावीकडून अध्यक्ष नाना, सेक्रेटरी आबा व इतर मान्यवर.

नानांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "यात मी कुठे आहे रे?"

मी बोट ठेवलं. कुठेही ठेवलं असतं तरी चाललं असतं.

नानांनी कात्रण लॅमिनेट करून घेतलं.

*

मग आमच्या गल्लीत डेंग्यू आला. आई नऊ दिवस दवाखान्यात होती. मी सभेत हात वर केला.

आबा म्हणाले, "एक तर लिहिणाऱ्याने बोलायचं नसतं. दुसरं, हे विषयपत्रिकेवर नाही. ऐनवेळच्या विषयांत घेऊ."

ऐनवेळचे विषय सगळ्यात शेवटी असतात आणि त्यांच्या आधी कचोरी येते. कचोरी आली, सभा उठली.

नाना बशी घेऊन माझ्याजवळ आले. खांद्यावर हात ठेवला. "आई कशी आहे आता? नाशिकचे साहेब येतील त्या दिवशी आणशील का तिला स्टेजवर? बरी झालेली पेशंट म्हणून?"

*

नाशिकचे साहेब आले. झोन प्रमुख कोण, हे तेच ठरवणार होते. मी आईला नेलं नाही.

उन्हाळ्यात क्लबने पक्ष्यांना पाणी ठेवायला घरोघर मातीची वाडगी वाटली होती. प्रत्येक वाडग्यावर लाल ऑइलपेंटने 'सौजन्य : नाना'. अक्षरं लांबून वाचता आली पाहिजेत, हा नानांचाच आग्रह. उन्हाळा गेला, पक्षी गेले, वाडगी गच्च्यांवर, कठड्यांवर तशीच राहिली.

घरोघर जाऊन अळ्या तपासणाऱ्या अक्कांचा साहेबांच्या हस्ते सत्कार ठेवला होता. अक्का कामावरून थेट आल्या, हातात पाण्याने भरलेली बादली. शाल घेतली, नारळ घेतला.

साहेबांनी कौतुकाने विचारलं, "अक्का, अळ्या जास्त कुठे सापडतात हो?"

अक्कांनी खाली वाकून बादलीतलं वाडगं काढलं आणि पाण्यासकट साहेबांच्या पुढ्यात टेबलावर ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं. पाण्यात वळवळ चाललेली.

आबा कुजबुजले, "अक्का, नंतर. नंतर!"

"नंतर कसाले?" अक्का म्हणाल्या. "साहेब, बठ्ठ्या आळ्या यामाच सापडन्यात. कोनं शे ते माले इचारू नका. वर नाव लिखेल शे."

साहेबांनी वाडगं फिरवलं आणि मोठ्याने वाचलं.

नानांचं झोन प्रमुखपद हुकलं.